योगदंड आणि एक बटण

ज्या वर्षी माझ्या पत्नीला माती दिली, त्याच वर्षी चार महिन्यांनी मुलाचा उजवा हात कारखान्यातल्या रोलरमध्ये सापडला. पहिल्या वेळी मला रडू आले नाही. भेटायला आलेल्यांनी ते माझ्या अध्ययनाचे फळ मानले आणि मीही तसे मानू दिले. दुसऱ्या वेळीही आले नाही, तेव्हा मात्र माझ्या ध्यानात आले की हे वैराग्य नव्हे. विरक्त मनुष्याला अन्नाची चव कळते, फक्त तिची ओढ नसते. मला चवच कळत नव्हती. आमटीत मीठ नाही हे मला मुलाने दोनदा सांगितले, आणि आमटी मीच केलेली होती.

मुलगा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होता. अपघातात कोणाची चूक नव्हती. यंत्र बंद केलेले होते, रोलर मात्र पुरता थांबलेला नव्हता. उजव्या हाताची तीन बोटे गेली आणि उरलेल्या दोहोंत पेला धरण्याइतकाही जोर राहिला नाही. कारखान्याने त्याला कामावर ठेवले, फाटकाजवळच्या खोलीत बसून गाड्या आत-बाहेर सोडण्याच्या कामावर. तो सकाळी बसने जाई, सायंकाळी साडेपाचला परत येई. तेहतीस वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांचा बाप, घरात एवढेच.

आमचे घराणे जंगमांचे. मठाच्या पाठशाळेत मी संस्कृत शिकलो आणि पुढे एका शाळेत तेच शिकवले. आमच्याकडे इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात आणि उजव्या हाताने त्याची पूजा करतात. डावा तळहात हेच पीठ. अपघातानंतर दोन महिने मुलाने पूजा केली नाही. मग एका सकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला आणि त्याने लिंग डाव्या तळहातावर घेतले. मी माझ्या उजव्या हाताने त्याच्या लिंगावर पाणी घातले, भस्म लावले, बेल वाहिला. हे शास्त्राला धरून आहे की नाही, ते मी कोणाला विचारले नाही. मंत्र तो म्हणतो, हात माझा असतो. ही पद्धत आजही तशीच चालू आहे.

अशाच एका सकाळी, बेल वाहून झाल्यावर, तो म्हणाला, "अप्पा, पूजेला हात देता, तसा संध्याकाळी तासभर खेळाला द्याल का?"

"कसला खेळ?"

"कॉम्प्युटरवरचा. पूर्वी खेळायचो तोच. माऊस डाव्या हातानं जमतो. कीबोर्डला हात उरत नाही."

हा खेळ तो सात-आठ वर्षे खेळत होता आणि मी त्याच्या खोलीत कधी डोकावलो नव्हतो. अपघातानंतर संगणकावर पत्नीचेच जुने लुगडे पांघरलेले होते. ते त्याने काढले, माझ्यासाठी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ठेवली, आणि त्या सायंकाळपासून आम्ही दोघे मिळून एक मनुष्य झालो.

तो मनुष्य म्हणजे मुलाचे पात्र. इंटरनेटवर एक मोठे काल्पनिक जग आहे, त्यात हजारो लोक एकाच वेळी आपापली पात्रे घेऊन वावरतात. कोणी योद्धा होतो, कोणी धनुर्धर, कोणी मांत्रिक. आठ-आठ जणांच्या मंडळ्या करून ते राक्षसांशी लढतात. मुलाचे पात्र वैद्याचे होते. त्याने लढायचे नाही, लढणाऱ्यांना जगवायचे. साथीदार घायाळ झाला की पडद्यावरची त्याची लाल पट्टी आखडते. तेव्हा वैद्याने उपचार सोडायचा, की पट्टी पुन्हा भरते. चालणे, वळणे, नेम धरणे हे मुलगा डाव्या हातातल्या माऊसने करी. उपचार कीबोर्डवरच्या सर्वांत लांब बटणावर होता. ते बटण माझे.

उपचार एकदा सोडला की पुन्हा सोडण्याआधी काही क्षण थांबावे लागे. त्या क्षणांकडे पाहत बसलो तर लाल पट्टीवरून दृष्टी सुटे. मी पंचाक्षरी मोजून पाहिली. सात वेळा म्हटली की वेळ नेमका भरे. जपाला असे मापाचे काम लावणे योग्य की अयोग्य, यावर मी बरेच दिवस विचार केला. माझी पत्नी बासुंदीचे दूध आटवताना स्तोत्र म्हणत असे आणि किती वेळा म्हटले की दूध आटते हे तिला ठाऊक होते. तिच्या स्तोत्राला त्यामुळे उणेपणा आला असे मला कधी वाटले नव्हते. मी पुढे विचार करणे सोडले.

मंडळीतली माणसे मला आवाजावरूनच माहीत झाली. टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून ती बोलत. मंडळीचा प्रमुख ढाल घेऊन सर्वांच्या पुढे उभा राही. तो सोलापुरातलाच, ट्रकच्या सुट्या भागांचे दुकान चालवणारा, पन्नाशीचा गृहस्थ, घरी उर्दू बोलणारा. दुसरी, जिचे बोलणे सतत कानी पडे, ती करकंबची एक विवाहित बाई. तिचे घर उसाचे. शेतातले काम आटोपून ती धनुष्य घेऊन आमच्यात येई. बाकीचे पाच जण कमी बोलत.

पहिल्याच आठवड्यात एकदा माझा उपचार उशिरा सुटला आणि ढालवाला पडला.

"चाचा," तो जमिनीवर पडूनच म्हणाला, "मैं मर गया, फिर तुम्हारी दवा आई."

"क्षमा करा. माझा जप मध्येच चुकला."

"नक्को चाचा, माफी नक्को. जप पूरा करो. मैं अगली बार आहिस्ता मरता."

करकंबची बाई हसली. "आजोबा, तुमी लई हळू हाय की. आमच्या बैलगाडीला बी ब्रेक हाय, तुमाला न्हाय."

"बैलगाडीला ब्रेक असतो म्हणजे ती हळू नव्हे, जोरात जाते," मी म्हणालो.

"व्हय की. मग तुमी त्याच्याबी मागं."

मी हसलो नाही, पण रोज सायंकाळी सहाला त्या खुर्चीत जाऊन बसू लागलो. आनंद होत होता असे म्हणणे खरे होणार नाही. दिवसाच्या चोवीस तासांत एक तास असा होता की ज्यात माझ्याकडून कोणाला काही हवे होते आणि ते मी देऊ शकत होतो. त्या तासासाठी मी बाकीचे तेवीस तास कपड्यांच्या घड्या घालीत, भांडी विसळीत, पोथीची पाने न वाचता उलटीत काढत असे. ते बटण गेले असते तर काय उरले असते, हे मला पहिल्या महिन्यातच कळून चुकले होते.

पात्राच्या घडणीला मुले 'बिल्ड' म्हणतात. मी तिला मांडणी म्हणत असे. प्रत्येक पात्राला मोजके गुण मिळतात. ते बळात घालायचे, चपळाईत, सहनशक्तीत की विद्येत, हे ज्याने त्याने ठरवायचे. कोणती कौशल्ये घ्यायची, कोणते चिलखत, कोणती अंगठी, हे सर्व त्या निवडीला जुळणारे हवे. मुलाची मांडणी अपघातापूर्वीची, सगळी उपचारात ओतलेली. अंगात जड झगा, पाय मंद, स्वतःचा प्रहार नावापुरता. ती पाहून मला यज्ञाची व्यवस्था आठवली. एक कर्म प्रधान, बाकी सारी त्याची अंगे, आणि प्रत्येक अंग प्रधानाच्या उपयोगाचे.

"शेवटच्या पातळीला पोचलो की खेळ संपतो ना?" मी एकदा विचारले.

"नाही अप्पा. खेळ तिथून सुरू होतो."

त्याचा अर्थ मला श्रावणात समजला. शेवटच्या पातळीनंतर काही शस्त्रे मिळतात, अतिशय दुर्मीळ. मला वाटले होते की ती फक्त अधिक धारदार असतील. तसे नव्हते. करकंबच्या बाईला असे एक धनुष्य मिळाले. तोवर तिची मांडणी लांब उभे राहण्याची होती. ती दुरून सापळे टाकी आणि पळून जाई. त्या नव्या धनुष्याचा गुण असा, की शत्रू जितका जवळ तितका बाण प्रखर. एका सायंकाळी तिने आपले सगळे गुण परत घेतले, सापळ्यांची विद्या सोडली, चपळाईचे निम्मे सहनशक्तीत घातले, टोपी बदलली, जोडे बदलले.

"आता लांब उभं ऱ्हायाचं काय कामच न्हाय," ती म्हणाली. "तोंडावर जाऊन मारायचं."

ती जवळ आली म्हणून ढालवाल्याला आपली जागा बदलावी लागली. त्याची जागा बदलली म्हणून मुलाला पुढे सरकावे लागले. एका बाईच्या हातात एक धनुष्य आले आणि आठही जणांच्या मांडण्या हलल्या. प्रधान बदलले की अंगे बदलतात हे मी चाळीस वर्षे शिकवले होते. ते घडताना मी प्रथमच पाहत होतो.

भाद्रपदाच्या शेवटी मुलाने मला सांगितले की वैद्यासाठीही असे एक शस्त्र आहे. तो एक दंड होता. संन्याशाच्या हातातल्यासारखा, म्हणून मी त्याला योगदंड म्हणू लागलो. त्याचे तीन तुकडे मुलाने अपघातापूर्वीच मिळवले होते. चौथा उरला होता.

"काय गुण त्याचा?"

"वैद्यानं दंडानं प्रहार केला, की जेवढा प्रहार तेवढा उपचार आपोआप सगळ्यांना होतो. वेगळा सोडावा लागत नाही."

"म्हणजे बटण नको."

"माऊस पुरतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता त्याने जोडले, "एका हाताचं काम आहे ते."

त्याच्या आवाजात इतके महिने न ऐकलेले काहीतरी होते. फाटकावर तो दुसऱ्यांनी भरलेल्या गाड्या सोडत होता, घरी मी त्याच्या शर्टाची बटणे लावून देत होतो. जगात एक जागा अशी होणार होती जिथे त्याला कोणाचा हात लागणार नव्हता. हे मला समजले. तो योगदंड आला की माझे बटण जाणार, हेही त्याच क्षणी समजले. दोहोंपैकी कशानेही छातीत काही हलले नाही. मी "बरे झाले" असे म्हणालो.

चौथा तुकडा खेळातल्या शरदोत्सवात मिळत असे. तो पंधरा दिवस चाले. एका गुहेत आठही जणांनी मिळून उतरायचे, शेवटचा राक्षस पाडायचा, मग तुकडा मिळे. मंडळीतल्या कोणाची कापणी, कोणाची रात्रपाळी, असे करता करता आठ जण एकत्र जमण्याचा एकच दिवस उरला, उत्सवाचा शेवटचा दिवस. ती खंडेनवमी होती.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सारी आयुधे पुसून पाटावर मांडतात. विळी, सुरी, कात्री, माझी लेखणी, पोथ्या. त्यांना भस्म, हळदकुंकू, झेंडूची फुले. पूजा झाली की दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. भाजीही आदल्या दिवशी चिरून ठेवतात. शहरातले मागही त्या दिवशी थांबतात. त्या सकाळी आमच्या गल्लीत सवयीची खडखड नव्हती. पूर्वी मुलगा आपले पाने-पक्कड पाटावर ठेवी. या वर्षी त्याने न सांगता कीबोर्ड आणि माऊस आणून ठेवले, त्यांच्या तारा नीट गुंडाळून. मी त्यांना भस्म लावले.

सायंकाळी तो पाटापाशी येऊन उभा राहिला. मी जपमाळ घेऊन बसलो होतो.

"अप्पा, सगळे जमलेत. उचलू का?"

"आज शस्त्र उचलत नाहीत," मी म्हणालो.

"उत्सव आज संपतो."

"नवमीही आजच आहे."

लहानपणापासून शास्त्राच्या गोष्टीत त्याने मला कधी उलटून विचारले नव्हते. "बरं," तो म्हणाला, आणि अंगणात जाऊन त्याने ढालवाल्याला दूरध्वनी केला. फोनच्या स्पीकरवरचे त्या गृहस्थाचे बोलणे मला खिडकीतून ऐकू आले. "चाचा बोले तो बस. हमारे गल्ली के लूम भी बंद हैं आज. नक्को उठा भाई." मंडळी त्या सायंकाळी गुहेत उतरली नाही. उत्सव संपला.

आता जे लिहिणार आहे ते लिहिण्यासाठीच ही आठवण लिहायला घेतली.

पुष्कळ वर्षांपूर्वी, अशाच एका खंडेनवमीला, आमच्या ओळखीचे एक डॉक्टर धावत माझ्याकडे आले होते. त्यांची उपकरणे मी सकाळी पूजली होती आणि दुपारी एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. मी त्यांना म्हणालो होतो, अक्षता टाकून नमस्कार करा, देवतेला विसर्जन सांगा आणि उपकरणे उचला. उपचाराला नवमी आडवी येत नाही. इतकेच कशाला, माझी पत्नी आलेल्या पाहुण्यासाठी नवमीलाच सुरी उचले, दोन अक्षता टाकून. मी तिला कधी अडवले नव्हते. मुलाला "आज शस्त्र उचलत नाहीत" असे सांगताना हे सारे मला स्पष्ट आठवत होते. अक्षतांची वाटी माझ्या गुडघ्यापाशीच होती. मी तिच्याकडे पाहिले आणि मग माळेकडे पाहिले.

मला लाज वाटली असे लिहिले तर ते अलंकारिक होईल. पायाला मुंग्या आलेल्या असताना कोणी त्यावर पाऊल दिले की जसे नुसते समजते, तसे समजले. मी मुलाला शास्त्र अर्धेच सांगितले, आणि ते माझी खुर्ची राखण्यासाठी.

मुलगा रागावला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्ववत खेळलो. पण मंडळी आता नव्या, कठीण गुहांकडे वळली होती. सात जणांकडे त्यांची अंतिम शस्त्रे होती, एकट्या वैद्याकडे नव्हते. माझे सात जप तिथे पुरत नव्हते. ढालवाला पडे, पुन्हा उठे, पुन्हा पडे. तो आता विनोद करीनासा झाला. एकदा मुलगा पाणी प्यायला उठला असताना त्याने हळूच विचारले, "चाचा, वो डंडा अब कब मिलता?" मी "ठाऊक नाही" म्हणालो. "दूसरा वैद लेना पड़ेंगा, ऐसा बाकी लोगां बोल रहे," तो म्हणाला. "मैं नक्को बोला. पर कब तक बोलूं."

मी मुलालाच विचारले की उत्सवाखेरीज दुसरा मार्ग आहे का. होता. खेळातल्या एका डोंगराळ प्रदेशात एक विशिष्ट वनस्पती उगवते. ती फार मोठ्या प्रमाणावर गोळा करून तिथल्या एका साधूला दिली, तर तो चौथा तुकडा देतो. "पण महिना दीड महिना जातो त्यात," तो म्हणाला. "रोज चार-पाच तास नुसतं वेचायचं. कोणी करत नाही."

दुसऱ्या सकाळी तो बसने गेल्यावर मी त्याच्या खुर्चीत बसलो. माऊस हाताळणे मला त्याच्याकडे पाहून थोडे आले होते. संपूर्ण कार्तिक महिना मी रोज सकाळी नऊपासून दोनपर्यंत त्या डोंगरात वाकून वनस्पती वेचल्या. मुलाला मी सांगितले नाही. पण दुपारी करकंबात लाईट असली की ती बाई खेळात येई, आणि खेळात कोण आहे त्या यादीत तिला मी दिसे.

"आजोबा, एकटंच? दादा कुटं हाय?"

"कामावर."

"मग तुमी हितं काय करताय?"

"वेचतो आहे."

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "ते झुडूप न्हाय. अस्वल हाय ते. झोपलंय. मागं सरा. सावकाश."

मी मागे सरलो. त्यानंतर ती बहुतेक दुपारी येऊ लागली. मी वाके, ती राखण करी. ती सासूबद्दल बोले, साखर कारखान्याच्या ऊसतोडीबद्दल बोले, मी ऐके. एका दुपारी तिने विचारले, "दंड आला की तुमी काय करणार?"

"काही नाही. मग माझे काम उरत नाही."

"मग एवढं राबताय कशापायी?"

"नवमीला मी त्याला अडवले. अडवायला नको होते."

"शास्तर सांगितलं की तुमी."

"अर्धे सांगितले. उरलेले मला माहीत होते."

मग ती म्हणाली, "माझ्या सासूनं असलं कबूल केलं अस्तं तर मी पेढं वाटलं अस्तं." आणि थोड्या वेळाने, "उजवीकडं वळा. तितं अजून दोन झुडपं हायत."

मार्गशीर्ष लागला तेव्हा साधूने तुकडा दिला. मुलगा घरी आल्यावर मी त्याला पडद्यासमोर बसवले आणि पात्राची झोळी उघडून दाखवली. मी त्याला नवमीचे सांगितले, डॉक्टरांचे सांगितले, आईच्या सुरीचे सांगितले. त्याने मान हलवली.

"सुरीचं मला माहीत होतं, अप्पा," तो म्हणाला. "लहानपणी पाहिलं होतं मी."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तुमच्याकडे दुसरं काही नव्हतं."

तेव्हाही मला काही वाटले नाही. चारही तुकडे जोडून त्याने योगदंड घडवला. पडद्यावर थोडा प्रकाश पडला आणि संपला.

योगदंड हाती आला तरी मांडणी आपोआप बदलत नाही. गुण परत घेऊन नव्याने घालावे लागतात. त्या सायंकाळी मुलाने ते माझ्यासमोरच केले. निम्मे गुण त्याने प्रहारात घातले. निम्मे जुन्या उपचारातच ठेवले. जड झगा तसाच ठेवला. मला आता आकडे वाचता येत होते. ती कोणतीच मांडणी नव्हती. प्रहार दुबळा, म्हणून योगदंडाचा उपचारही दुबळा, आणि झगा जड, म्हणून पाय मंद. पण लांब बटणावर माझा उपचार होता.

"असं दोन्ही राहू दे," तो म्हणाला.

आम्ही गुहेत उतरलो. मी सात जप करून बटण दाबी, तो माऊसने प्रहार करी, आणि ढालवाला तीनदा पडला. आठ जण गुहेच्या तोंडाशी परत येऊन उभे राहिले.

मी मुलाला माइक आणि स्पीकर थोडा वेळ बंद करायला सांगितले.

"एक याग असा आहे," मी म्हणालो, "की त्यात भाताच्या दाण्यांऐवजी सोन्याचे दाणे शिजवायचे असतात. मूळ यागात भात कांडतात, कारण त्याचा कोंडा काढायचा असतो. सोन्याला कोंडा नसतो. मग प्रश्न येतो, की विधीत कांडणे सांगितले आहे, तर सोनेही कांडायचे का?"

"मग?"

"नाही. प्रयोजन गेले की ते अंग गळते. त्यात कोणाचा दोष नसतो. मुसळ घेऊन उभा राहिलेल्याने बाजूला व्हायचे असते."

"अप्पा, तुम्ही मुसळ नाही."

"मी उदाहरण देतो आहे. गुण परत घे."

त्याने मांडणीचे पान उघडले. सगळे गुण शून्यावर आणले. प्रहारात घातले, चपळाईत घातले. उपचाराच्या चौकटीपाशी माऊस नेऊन तो थांबला. ते कौशल्य पात्राने अजून धरून ठेवले होते. ते सोडल्याशिवाय त्याच्या जागी दुसरे येत नव्हते. त्याचा डावा हात तिथेच राहिला. मी माझा हात त्याच्या हातावर ठेवून माऊस दाबला. चौकट रिकामी झाली. त्याने तिथे दुसरे काहीतरी घातले, पायांना वेग देणारे. जड झगा काढला. हलका घातला. पात्र बारीक, उघडे दिसू लागले, कोणी आजारातून उठल्यासारखे.

स्पीकर पुन्हा लागला तेव्हा ढालवाला विचारत होता, "भाई, किधर गए दोनो?"

"आलो," मुलगा म्हणाला. "चला."

या वेळी मी हात मांडीवर ठेवले होते. तो धावत पुढे गेला, राक्षसाच्या अंगाशी, जिथे वैद्य कधी उभा राहत नाही. दंडाचा प्रत्येक आघात होताच आठही लाल पट्ट्या एकदम भरत होत्या. डावा हात इतका झरझर चालत होता की मला माऊसच्या हालचाली मोजता आल्या नाहीत. ढालवाला पडला नाही. राक्षस पडला. स्पीकरमधून सगळेच एकदम बोलू लागले, नेहमी गप्प असणारे पाच जणही. कोणीतरी उर्दूत शाबासकी देत होते, बाई म्हणत होती, "दादा, आता तुमाला आवरायचं कसं?" मुलगा हसत होता. ते हसणे मी फार दिवसांनी ऐकत होतो, आणि ते कसे असते हे मला ओळखावे लागले.

पुढचे काही दिवस मी सहाला जाऊन खुर्चीत बसत असे आणि तो मला काय घडते आहे ते सांगत असे. सांगताना त्याचा नेम चुके. मग मी जाणे कमी केले. त्याने बोलावणे कमी केले, हेही खरे. आम्ही दोघांनीही ते बोलून दाखवले नाही.

पौषात मी सायंकाळच्या त्या तासाला पोथी घेऊन बसू लागलो. पत्नी गेल्यापासून पाने नुसती उलटत होतो. आता मोठ्याने वाचू लागलो. अर्थ आत शिरत होता असे नाही. स्वर तेवढा बाहेर येत होता. शेजारच्या खोलीतून माऊसचा आवाज येई, अखंड, आणि मुलाचे तुटक शब्द, "डावीकडे", "थांबा", "झालं".

एका सायंकाळी त्याने आतून हाक मारली.

"अप्पा, पोथीचा आवाज माइकवर जातोय. दार लोटून घेता का?"

"घेतो," मी म्हणालो. उठून त्याच्या खोलीचे दार बाहेरून लोटून घेतले. मग बसलो आणि जिथे थांबलो होतो तिथून पुढे मनातल्या मनात वाचू लागलो.